व्यापारी म्हणते म्हशीच्या फुफ्फुसात गाठी निघाल्या, पैसे वापस कर. कानातला नंबरचा बिल्ला माझ्या नावावर हाय, काय करू?

कास्तकार हिंगणघाट

राम राम मंडळी. जरा लांबण लागन पण पूर्ण वाचा, दोन रात्रीपासून झोप नाई मले.

आमच्या कोठ्यात तीन म्हशी होत्या, नागपुरी, लांब शिंगाच्या. त्यातली एक म्हातारी झाली होती, सात वेत झाले तिचे, मागच्या दोन वर्षापासून गाभणच नाई राहिली, आणि ढेप कुटाराचे भाव तुम्हाले माहीतच आहेत. बाबाचं मन नव्हतं पण शेवटी तीन आठवड्यापूर्वी बाजारात नेली आणि एका व्यापाऱ्याले ३८ हजाराले दिली. दावं आपलं काढून घरी आणलं, पैसे मोजून घेतले, पावती फाडली, विषय संपला असं मले वाटलं.

परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणते, तुझी म्हैस कापली तं फुफ्फुस गाठीनं भरलेलं निघालं, डॉक्टरनं अर्धी म्हैस फेकायले लावली, तुले माहीत होतं म्हणून तू विकली, आता १५ हजार वापस कर नाईतं बिल्ल्याचा नंबर माझ्याजवळ हाय, तुझंच नाव निघते त्याच्यावर, केस करतो. मी म्हटलं बाप्पा, म्हैस हिंडत फिरत होती, खात होती, तू स्वतः दात पाहिले, कास पाहिली. हो, मागच्या हिवाळ्यात ती थोडी ठसकायची आणि अंगानं उतरली होती, पण म्हातारपणानं होते असंच आम्ही समजलो.

पैशाचं एक राहू द्या. माझ्या डोक्यात दुसरंच चालू आहे. उरलेल्या दोन म्हशी तिच्याच बाजूले बांधून रायत होत्या, एकाच टाक्यात पाणी प्यायच्या. एक सध्या दुधावर आहे, सकाळ संध्याकाळ मिळून सहा लिटर देते. बाबा जन्मभर धारोष्ण दूध पितात, गरम केलेलं त्यांले चालतच नाई. घरात चार वर्षाची पोरगी आहे. बाकीचं दूध गावच्या डेअरीत जाते, म्हणजे आख्ख्या गावात. त्या गाठी टीबीच्या असतीन तं काय होईन?

आणि तो बिल्ला. म्हैस विकली तरी बिल्ला माझ्याच नावावर कसा काय? विकल्यावर काही कराव लागते का? कोणी सांगतलंच नाई. माहीत असन त्यानं नीट सांगा, घाईत चुकीचं काही करून बसाव असं नाई वाटत.

पूर्णाथडीवाला, मूर्तिजापूर

भाऊ पहिली गोष्ट, एक रुपया देऊ नको. बाजारात दोघांनी पाहून घेतलेला सौदा हाय. त्याले सांग, कत्तलखान्यातल्या डॉक्टरनं जे लिहून दिलं असन त्याचा कागद दाखव, आणि त्या कागदावर बिल्ल्याचा बारा आकडी नंबर पाहिजे. नुसतं तुझी म्हैस तुझी म्हैस म्हणून होते काय, दिवसाले किती म्हशी जातात तिथं, साऱ्याच काळ्या.

दुसरं, तुझ्या बाजारपावतीवर काय लिहिलं हाय ते पाय. आमच्या इकडे मी पाहिलं, कारकून लिहिते "म्हैस एक, काळी, शिंगं मागं". अशा वर्णनात आख्ख्या तालुक्यातल्या म्हशी बसतीन. माझ्याजवळ अकरा पूर्णाथडी जातीच्या म्हशी आहेत, त्या भुऱ्या असतात म्हणून निदान रंगानं तरी लिहिता येते, पण काळ्या म्हशीले बिल्ल्याशिवाय काहीच ओळख नाई. नंबर लिहून घेतला होता का पावतीवर?

निवृत्त पशुवैद्य, यवतमाळ

पैशाच्या वादात मी पडत नाही, तुमच्या दुसऱ्या काळजीकडे येतो कारण ती रास्त आहे.

तुम्ही जे सांगितलं, ठसकणं आणि खाऊनपिऊन अंगानं उतरत जाणं, त्यावरून क्षयाचा संशय घ्यायला जागा आहे, पण नुसत्या त्यावरून क्षय आहे असं म्हणता येत नाही. म्हाताऱ्या जनावरात जंतानेही असंच होतं. गुरांचा क्षय हळूहळू वाढतो, वर्ष दोन वर्ष बाहेरून काही दिसतच नाही, म्हणूनच तो बहुतेक वेळा कोठ्यात न सापडता कत्तलखान्यात सापडतो. कत्तलखान्यातल्या डॉक्टरचा शेरा म्हणून फार मोलाचा असतो. तो शेरा जर ज्या कोठ्यातून जनावर आलं तिथपर्यंत परत पोचला तर बाकीची जनावरं आणि माणसं दोन्ही वाचतात. तुमच्यापर्यंत तो पोचला, पण व्यापाऱ्याच्या धमकीतून पोचला. खरं तर तो तुमच्या गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरकडून पोचायला हवा होता.

आता करायचं काय. आजपासून घरातलं सगळं दूध उकळूनच प्यायचं, बाबांचंसुद्धा, त्यांना माझं नाव सांगून समजवा. उकळलेल्या दुधातून क्षय येत नाही, ब्रुसेला म्हणजे जनावरं गाभडतात तो रोगही येत नाही. डेअरीवाल्याला सांगा, दूध पुढे प्लांटला जाऊन पाश्चराइज होत असेल तर घाबरायचं कारण नाही, पण गावातच कच्चं विकत असेल तर निकाल येईपर्यंत तुमचं दूध वेगळं ठेवा.

दोन्ही म्हशींची ट्युबरक्युलिन टेस्ट, म्हणजे क्षयाची कातडीवरची तपासणी, करून घ्या. मानेवर थोडी जागा भादरतात, कातडीची घडी कॅलिपरमध्ये धरून जाडी मोजतात, कातडीतच ट्युबरक्युलिनचा थेंबभर डोस टोचतात आणि बरोबर ७२ तासांनी तीच घडी परत मोजतात. जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली तर पॉझिटिव्ह, २ ते ४ च्या मधे आली तर संशयित, मग काही आठवड्यांनी परत करायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मोजायला आले नाहीत तर टोचण्याचा काही उपयोग नाही, म्हणून ज्या दिवसापासून तिसरा दिवस सुट्टीचा येणार नाही असा दिवस ठरवा. नोकरीत हे माझं स्वतःचं चुकलेलं आहे. पोळ्याच्या दोन दिवस आधी टोचलं आणि पोळा, तान्हा पोळा दोन्ही दिवस गडी भेटलाच नाही, सगळं वाया गेलं.

आणि एक प्रश्न, राग मानू नका. घरात कोणाला जुना खोकला आहे का? क्षय माणसाकडून जनावराकडेही जातो.

कास्तकार हिंगणघाट

डॉक्टर साहेब तुमचा हा प्रश्न वाचून मी थंड पडलो. बाबाले दिवाळीपासून खोकला आहे. विडी पितात म्हणून आम्ही लक्षच नाई दिलं. म्हशीची धार तेच काढतात, रात्री कोठ्यातच खाट टाकून निजतात.

मूर्तिजापूरवाले भाऊ, पावती काढून पाहिली. "म्हैस १, रंग काळा". बस्स. नंबर नाई.

व्यापाऱ्याले कागद मागतला तं म्हणते कागद नसते, फोटो पाठवतो. दोन फोटो आले. एकात फुफ्फुस आहे, त्याच्यावर पांढरे पांढरे फुगे दिसतात, सुपारीएवढे, एक तं लिंबाहून मोठा. दुसऱ्यात चिरलेला फुगा आहे आणि खाली फरशीवर पाणी सांडलेलं. कान किंवा बिल्ला कोणत्याच फोटोत नाई.

निवृत्त पशुवैद्य, यवतमाळ

बाबांना उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, थुंकी तपासतात, पैसे लागत नाहीत, निघालंच तर औषधंही मोफत आहेत. बाकी फोटोबद्दल इथे मांस तपासणीतले एक जण आहेत त्यांनी सांगावं, रोज हातात सुरी त्यांच्या असते.

मांस तपासणी, विदर्भ

मी एका कत्तलखान्यात तपासणीच्या कामावर आहे, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे म्हशी आणि शेळ्या मेंढ्याच येतात. राज्यात गाय कापायला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल, वळू कापायलाही बंदी आहे हे सर्वांना ठाऊक आहे, म्हशीलाही आधी दाखला लागतो की ती आता दुधाच्या, कामाच्या, पैदाशीच्या उपयोगाची नाही.

भाऊ, फोटो मी पाहिला नाही पण तुम्ही जे लिहिलं त्यावरून सांगतो. गाठी दोन तऱ्हेच्या असतात आणि सुरी लावली की लगेच फरक कळतो. क्षयाची गाठ घट्ट असते, कापली की आत पिवळसर, घट्ट दह्यासारखा किंवा पनीरसारखा माल असतो, जुनी असली तर त्यात चुना धरलेला असतो आणि सुरी कचकच वाजते, वाळूवरून ओढल्यासारखी. हाताला कळते ती कचकच, डोळे मिटून सांगता येतं. आणि नुसत्या फुफ्फुसात नसते, फुफ्फुसाच्या मधल्या बाजूला ज्या लसिका ग्रंथी असतात त्यात असतेच, म्हणून आम्ही आधी त्या चिरतो. दुसरी गाठ म्हणजे पाण्याची पिशवी. पांढरी, तणावलेली, सुरीचं टोक लागलं की पाण्याची चिळकांडी उडते आणि आतून उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पातळ पडदा निघतो. हा हायडॅटिड, कुत्र्याच्या पोटातल्या टेपवर्मची अळी अवस्था. तुमच्या फोटोत फरशीवर पाणी सांडलेलं आहे म्हणता, तर मला ९० टक्के हेच वाटतं. फुफ्फुसात आणि काळजात, म्हणजे यकृतात, सर्रास निघतं, म्हाताऱ्या म्हशीत जास्तच.

याचा अर्थ तीन गोष्टी. हायडॅटिड एका म्हशीचा दुसऱ्या म्हशीला लागत नाही, दुधातून येत नाही. दुसरं, हायडॅटिड निघालं तर आम्ही तेवढा अवयव काढून नष्ट करतो, बाकीचं मांस पास होतं. अर्धी म्हैस फेकली हे त्याच्या फोटोशी जुळतच नाही. क्षय सगळ्या अंगभर पसरला असेल तर अख्खं जनावर बाद होतं, पण मग फोटो असा आला नसता. म्हणजे तो १५ हजार मागतो ते फुफ्फुसाचे मागतो, आणि फुफ्फुसाला किंमत किती येते ते त्यालाही माहीत आहे.

तिसरी गोष्ट कुत्र्याची. गावात मेलेलं जनावर उघड्यावर टाकतात, बोकड कापला की फेफडं कुत्र्यापुढे टाकतात. कुत्र्याने त्या पिशव्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात जंत तयार होतात, अंडी शेणातून, सॉरी विष्ठेतून गवतावर आणि पाण्यावर, ते म्हैस खाते, आणि पोरं कुत्र्याला हात लावून तसंच जेवतात. माणसाच्या काळजात हीच पिशवी होते, बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. पोरगी चार वर्षाची आहे म्हणालात. कोठ्यावर कुत्रं असेल तर त्याला डॉक्टरकडून जंताचं औषध द्या, दर तीन महिन्यांनी, आणि कच्चं फेफडं काळीज कधीच टाकू नका.

तरी टेस्ट करूनच घ्या. फोटो तुमच्याच म्हशीचा आहे हे कोणी सांगितलं?

पूर्णाथडीवाला, मूर्तिजापूर

हेच म्हणत होतो मी. भाऊ तुम्हीच सांगा, तुमच्याकडे बिल्ल्याचा नंबर शेवटपर्यंत राहते का? नियम तं हाय ना आता की बिल्ल्याशिवाय कापायले घ्यायचंच नाई.

मांस तपासणी, विदर्भ

हो, १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय वाहतूक, खरेदी विक्री आणि कत्तल कशालाच परवानगी नाही. आत घेताना आम्ही नंबर पाहतो, उतरवून घेतो. अडचण पुढे आहे. जनावर कापलं की डोकं एका बाजूला जातं, कातडी दुसऱ्या बाजूला, आणि आतडी फुफ्फुस तिसऱ्या टेबलावर येतात. बिल्ला राहतो कानात. मी फुफ्फुसावर सुरी लावतो तेव्हा तो कान वीस पावलं लांब ढिगात असतो. कोणत्या कानाचं कोणतं फुफ्फुस हे जुळवायचं तर लाईनमधल्या क्रमावर नजर ठेवावी लागते. मी स्वतः एक सवय लावून घेतली, आत घेतानाच नंबरचे शेवटचे चार आकडे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी डोक्याला पण आणि धडाला पण बांधतो. वेळ जातो, पण गाठ निघाली तर कुठून आली हे सांगता येतं. नियमानं एका डॉक्टरनं तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, हा आकडा २००१ च्या कत्तलखाना नियमातच लिहिलेला आहे, तो पाळला तर हे सगळं जमतं. घाई झाली की आधी चिठ्ठी सुटते.

दोनदा मी स्वतः फोन करून गावच्या दवाखान्याला कळवलं की या नंबरच्या म्हशीत क्षय निघाला, कोठ्यावर जाऊन बघा. एकदा मालक सापडला. दुसऱ्या वेळी नंबरवर जो माणूस निघाला त्यानं ती म्हैस चार वर्षांपूर्वी विकलेली, मधे तीन हात बदलले, कोणाचंच नाव चढवलेलं नाही. ती ज्या कोठ्यात शेवटची बांधलेली होती तो कोठा मला आजपर्यंत सापडला नाही. तिथे दूध कोण पीत होतं हे माझ्या डोक्यातून जात नाही.

शेळीवाली, घाटंजी

मी शेळ्यांचं सांगते, विषय तोच आहे म्हणून. आमच्या गटात बेरारी शेळ्या आहेत. मागच्या वर्षी ईदच्या आधी मी दोन बोकड बाजारात नेले, भाव पडलेला होता म्हणून विकले नाही, संध्याकाळी गाडीत टाकून परत आणले आणि आपल्याच शेळ्यांत सोडले. सहाव्या दिवशी एकाच्या नाकातून शेंबूड, डोळे चिकटलेले, तोंडात फोड, मग पिचकारीसारखी हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा प्लेग. अकरातल्या पाच गेल्या, त्यात दोन गाभण होत्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की लस दिलीच नव्हती मी, एकदा टोचली की तीन वर्ष पुरते आणि मी शेळीच्या कानात बिल्ला नको म्हणून लसीकरणाच्या दिवशी शेळ्या रानात पाठवून दिल्या होत्या. आज कोणी विचारलं तर मी हे लपवत नाही.

मला एवढंच म्हणायचं की कत्तलखान्यात गेलेलं जनावर परत येत नाही, पण बाजारातून न विकता परत येणारं जनावर येते, ते शंभर ठिकाणच्या जनावरांना नाक लावून आलेलं असते. ते परत आपल्या कोठ्यात नाही बांधायचं, वेगळं बांधायचं, निदान तीन आठवडे. आता मी बोरीखाली वेगळा वाडा केला आहे, बाजारातून काहीही आलं की आधी तिथं, त्याचं पाणी वेगळं, आणि त्याला चारा टाकायला मी शेवटी जाते, आधी आपल्या शेळ्या आवरते मग तिकडे, म्हणजे माझ्याच लुगड्यानं रोग यायला नको.

धानपट्टा, भंडारा

बिल्ला कोणाच्या नावावर यानं काय होते ते माझ्याकडून आयका. २०२२ मधे लम्पी आली तेव्हा माझा एक बैल गेला. अंगभर गाठी, पायले सूज, नवव्या दिवशी गेला. सरकारनं मदत जाहीर केली होती, दुधाच्या गाईले ३० हजार, बैलाले २५ हजार, वासराले १६ हजार. डॉक्टर आले, पंचनामा झाला, बिल्ल्याचा नंबर टाकला तं नाव दुसऱ्याच माणसाचं. मी तो बैल दोन वर्षापूर्वी बाजारातून घेतला होता, मालकी बदलायची असते हेच माहीत नव्हतं. तो माणूस साकोलीकडचा, त्याच्या घरी तीन चकरा मारल्या, त्यानं लिहून दिलं तेव्हा कुठं फाईल पुढं सरकली. त्याचं मन चांगलं म्हणून, नाईतं २५ हजार गेले होते. जोडीतला एकटा उरलेला बैल मी त्या वर्षी रोवणीले उसना देऊन काम चालवलं.

तेव्हा बाजार बंद होते सारे, वाहतूक बंद होती, आम्हाले राग यायचा. पण आमच्या शेजारच्या गावात एकानं रात्री लपून गाडीत गाय आणली आणि आठ दिवसात त्या मोहल्ल्यातल्या सहा कोठ्यात गाठी दिसल्या. माश्या, गोचिड, डास कोणाच्या कागदाची वाट नाई पाहत.

खरपुडी रोड

सगळं ठीक आहे पण बिल्ल्यानं कानात अळ्या पडतात त्याचं काय? माझ्या कालवडीचा कान पावसाळ्यात सडला, शेवटी बिल्ला कापून काढला. आता परत मारून घ्यायची हिंमत नाही होत.

निवृत्त पशुवैद्य, यवतमाळ

तुमचा अनुभव खरा आहे. बिल्ला चुकीच्या जागी मारला की हे होतं. कानात दोन जाड शिरा उठून दिसतात, त्यांच्या मधल्या पातळ जागेत, कानाच्या साधारण मधोमध मारायचा, आधी कान आणि चिमटा दोन्ही औषधाने पुसायचे. कडेला मारला की झुडपात अडकून फाटतो, शिरेवर मारला की रक्त येतं, त्यावर माशी बसते. भर पावसात शक्यतो मारू नये, आणि मारल्यावर आठ दिवस रोज संध्याकाळी कान पाहावा, ओल दिसली तर लगेच माशी न बसणारा स्प्रे. बिल्ला काढला असेल तर दवाखान्यात जाऊन नवीन बिल्ला घ्या, जुना नंबर त्यांना सांगा म्हणजे कालवडीची जुनी नोंद नवीन नंबरला जोडता येते. लसीच्या तारखा जायला नकोत. ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस झाली असेल तर ती आयुष्यात एकदाच देतात, नोंद हरवली तर पुढे गाभडली की कोणालाच काही कळणार नाही.

आता मूळ प्रश्न, विकल्यावर काय करायचं. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी मिळून दवाखान्यात नंबर सांगायचा, भारत पशुधन या पोर्टलवर मालकी बदलून मिळते. मेलं तर मेल्याची नोंद, कत्तलीला गेलं तर तशी नोंद. बाजारातच हे व्हावं असं माझं कित्येक वर्षांचं म्हणणं आहे, कारण सौदा तिथे होतो, दोघं समोरासमोर तिथेच असतात, नंतर कोण कोणाच्या गावाला जाणार. नाव बदललं नाही म्हणून तुमच्यावर गुन्हा होतो असं घाबरू नका. व्यापारी नंबरच्या जोरावर धमकावतो, पण तोच नंबर तुमच्या बाजूचाही आहे, त्यावर लाळ्या खुरकूताची लस कधी टोचली, उपचार काय झाले हे सगळं निघतं. खुरकूताची लस सहा महिन्यांनी एकदा, २०१९ पासून ही मोहीम चालू आहे, त्यात तुमची म्हैस दोनदा टोचलेली असेल तर ती सांभाळलेली म्हैस होती हे कागदच सांगेल. आणि २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे, त्यात संशय आला तर ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे, यादीत गुरांचा क्षयही आहे. तुम्ही स्वतः दवाखान्यात जाऊन टेस्ट मागितली की तुमची बाजू स्वच्छ झाली.

एक आठवण सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा बुळकांडीचा, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीचा, शोध चालू होता, आम्ही गावोगाव फिरून विचारायचो, कोणाच्या जनावराला तोंड आलंय का, हगवण आहे का. देशात शेवटची बुळकांडी १९९५ ला दिसली, २००६ ला देश मुक्त झाला आणि २०११ ला सगळं जग. त्या वेळी बिल्ला नव्हता, ॲप नव्हतं, वहीत लिहायचो, पण प्रत्येक खबरेच्या मागे माणूस त्या कोठ्यापर्यंत जात होता. क्षयाच्या बाबतीत ती पायपीट आज होत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कास्तकार हिंगणघाट

मंडळी, बारा दिवस झाले, काय काय झालं ते सांगतो.

बाबाले आधी पीएचसीत नेलं. थुंकी निगेटिव्ह आली, एक्सरे पण काढला, छाती साफ आहे, खोकला विडीचाच. डॉक्टरीण बाई त्यांच्यावर लय चिडल्या. विडी कमी केली म्हणतात, मी अजून विश्वास नाई ठेवला. दूध मात्र आता गरमच पितात, पोरगी समोर बसून पाहते म्हणून पितात.

म्हशीची टेस्ट सोमवारी केली, गुरुवारी डॉक्टर बरोबर त्याच वेळेले आले. मी तीन दिवस मानेवरची ती भादरलेली जागा हात लावून लावून पाहत होतो, दुधावरच्या म्हशीले जरासा फुगीरपणा लागत होता, जीव वर खाली व्हायचा. मोजलं तं १ मिलिमीटर. दुसरीले काहीच नाई. डॉक्टर म्हणले दोन महिन्यानं परत एकदा करू, पण आज मोकळे व्हा. डेअरीत दूध परत चालू केलं.

व्यापाऱ्याले मी सरळ सांगतलं, बारा आकडी नंबर लिहिलेला कागद आण, त्या दिवशी पैसे घेऊन जा. मग फोन नाई. दवाखान्यात माझ्या म्हशीचा नंबर काढला तं लस चार वेळा टोचल्याची नोंद निघाली, शेवटची विकायच्या आधीची. विकल्याची नोंद आता मी करून घेतली, कुठं गेली ते मात्र रिकामंच आहे.

कोठ्यावरच्या कुत्र्याले गोळी दिली. शेजारच्यालेही सांगतलं, त्याच्या दोघांलेही दिली.

काल बाजारात गेलो होतो, म्हातारीच्या जागी एक वगार घेतली. बिल्ला होता कानात, आधी फोनवर दवाखान्यातून नंबर पाहून घेतला, मालकाचं नाव जुळलं, लस जुळली. सौदा झाल्यावर कारकुनाले म्हटलं नंबर लिही. तो म्हणे रकाना नाई त्याच्यासाठी. मी हललो नाई, मागं लाईन लागली तरी नाई हललो, वगारीचा कान धरून एक एक आकडा वाचून दाखवला. त्यानं पावती उलटी केली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर बाराही आकडे लिहिले. विकणाराही भला माणूस, सोमवारी दवाखान्यात नाव बदलायले येतो म्हणला, त्याचा जायचा यायचा भाडा मी देणार आहे. वगार सध्या गोठ्यात नाई, आंब्याखाली वेगळी बांधली आहे, घाटंजीच्या ताईनं सांगतलं तशी, तिचं टोपलं आणि बादली पण वेगळी ठेवली.